दीपक मेस्त्री, जॉइनर

आमचे हे मुंबईहून कायमचे परत आले ते हत्यारांची पेटी आणि एक इंग्रजी शब्द घेऊन आले. पेटी कुठे ठेवायची ते मी लगेच सांगितलं. शब्दाचं काय करायचं ते मला कळेना.

मुंबईला गोदीत, जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात, ह्यांची सगळी नोकरी झाली. तिथे लाकूडकाम करणारे दोन जातींचे. जहाजाचं अंग, म्हणजे बाहेरून पाणी लागतं तो भाग, बघणारे कारपेंटर. आतल्या केबिनी, कपाटं, निजायच्या फळ्या, कप्तानाचं टेबल करणारे जॉइनर. हे जॉइनर. दोघं एकाच कँटीनमध्ये जेवायचे, पण एका टेबलावर नाही. "कारपेंटर खिळा मारतो," हे सांगायचे. "जॉइनर लाकडाला लाकूड धरायला लावतो." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी सुट्टीच्या दिवसांत ऐकत आले होते. आता रोज ऐकू लागले.

रत्नागिरीत भाट्याच्या रस्त्याला एक गाळा मिळाला. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "सुतार लिहा. लोकांना कळतं."

"सुतार गावात पुष्कळ आहेत."

"म्हणूनच लोकांना कळतं."

पाटी झाली. दीपक मेस्त्री, जॉइनर. निळ्यावर पांढरी. खाली मोबाइल नंबर.

पहिल्या आठवड्यात एक आजोबा आले आणि बाकावर बसून त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. सांधा बसवून देणारे कोणीतरी आलेत असं त्यांना कळलं होतं. हे म्हणाले, मी लाकडाचे सांधे बसवतो. आजोबा म्हणाले, माझाही तसाच वाजतो. मग एक मुलगा आला, टाय लावलेला. ह्यांना म्हणाला, "सर, तुमच्या खाली किती जण आहेत?" साबण, पावडर, एकाने दोघांना जोडायचं, दोघांनी चौघांना, अशी ती कंपनी होती. ह्यांनी खाली बघितलं. खाली भुसा होता. तिसरा एका पक्षाचा कार्यकर्ता. त्याने आत येऊन आवाज बारीक केला आणि विचारलं, "तुम्ही कुठून कुठे जॉइन झालात?"

"मुंबईहून रत्नागिरीला," हे म्हणाले.

काम कोणी आणलं नाही.

माझ्या बहिणीची मुलगी वेदिका इथे कॉलेजात इंग्रजी शिकवते. रविवारी ती जेवायला आली तेव्हा ह्यांनी तिच्यापुढे तक्रार मांडली, की गावाला इंग्रजी येत नाही. वेदिकाने मोबाइलवर शब्दकोश उघडला.

"जॉइनर म्हणजे सांधे जोडून लाकूडकाम करणारा. काका, तुमचं बरोबर आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणखी एक अर्थ आहे. जो माणूस दिसेल त्या मंडळात, क्लबात सामील होतो, तोही जॉइनर."

"हे तर गणपतीची वर्गणीसुद्धा दारातून देतात," मी म्हटलं.

"आणि कारपेंटर?" ह्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या मनात बरीच वर्षं असावा.

"तो लॅटिनमधला. दोन चाकांच्या एका गाडीला तिथे शब्द होता, त्यावरून आला. म्हणजे मुळात गाड्या बनवणारा."

"गाडीवाला," हे म्हणाले. त्यांनी भात वाढून घेतला. त्या दिवशी ते दोनदा जेवले असं म्हणायला हरकत नाही.

"आणि जॉइन फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण मागे मागे गेलं तर गंमत आहे. आपल्याकडचा योग आणि बैलाच्या मानेवरचं जू, ह्यांचं आणि त्याचं मूळ एकच."

"म्हणजे मी एका अर्थी योगी."

"किंवा बैल," मी म्हटलं.

"मावशी, मूळ एकच आहे," वेदिका म्हणाली. तिला भांडण लावायचं नव्हतं, ती फक्त शिकवत होती. "आणि मेस्त्री हा पोर्तुगीजांचा शब्द. त्यांचा मेस्त्री आणि इंग्रजांचा मास्टर सख्खे भाऊ."

आडनावही बाहेरचं निघालं. "सुतार तेवढा आपला ना?" मी विचारलं. "हो," वेदिका म्हणाली, "सूत्रधारापासून. सूत धरणारा." माझं म्हणणं मी पाटीच्या वेळीच सांगितलं होतं.

वेदिका मासे घेते आवडाबाईकडून. घेता घेता तिने हे सगळं आवडाबाईला सांगितलं. लॅटिनचं काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण पाटीवरच्या शब्दाचा अर्थ 'जोडणारा' एवढं आवडाबाईने लक्षात ठेवलं. चार दिवसांनी बाजार आटोपून रिकामी टोपली घेऊन ती गाळ्यावर आली. मी ह्यांचा डबा घेऊन तिथेच होते.

"जोडनारे मेस्त्री ते हेच काय?"

"हो. काय जोडायचं आहे?"

"होडी."

"कुठे फुटली?"

"फुटली न्हाय. कापलीय."

"कोणी कापली?"

"पोरांनी."

ह्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. मी तिला पाणी दिलं. ती बसली आणि तिने सांगितलं ते असं.

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मागे होडी आणि दोन मुलगे. थोरला केरू, धाकटा ओमकार. बाप होता तोवर सुकाणूवर बाप बसायचा. तो गेल्यावर तिथे कोण बसणार ह्यावरून दोघांचं बिनसलं. केरू म्हणाला, मी थोरला. ओमकार म्हणाला, बाबांनी सुकाणू धरायला मला शिकवलं. एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घ्यायचा म्हटलं तर दुसरा देईना, आणि दुसऱ्याने घ्यायचा म्हटलं तर पहिला देईना. शेवटी वाडीतल्या पंचांनी सांगितलं, निम्मं निम्मं करा आणि विषय मिटवा. पंचांना उत्पन्न म्हणायचं होतं. मुलांनी होडी असा अर्थ घेतला.

आवडाबाई बाजारात गेली असताना दोघांनी होडी ओंडक्यांवर चढवली आणि मधोमध कापली. दोन माणसांनी ओढायची मोठी करवत होती. एक टोक केरूकडे, दुसरं ओमकारकडे. वाडीतले लोक म्हणतात, बाप गेल्यापासून दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम, आणि अगदी लयीत केलं.

"आता दोगं दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी," आवडाबाई म्हणाली. "आनि मी लिलावात उभी ऱ्हाते. माज्या पोरांनी वढलेली मासळी मीच बोलीवर घेते. घरची होडी हुती तवा असं न्हवतं."

हे म्हणाले, "आवडाबाई, मी केबिनचं काम करणारा. होडीचं अंग हा कारपेंटरचा विषय."

"पाटीवर काय लिवलंय?"

"जॉइनर."

"म्हंजे जोडनारा ना?"

"हो, पण—"

"मग जोडा," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

त्या रात्री हे अर्ध्या जेवणावरून उठले. एवढं आयुष्य ज्या शब्दावर काढलं त्याचा अर्थ एका बाईने सरळ घेतला, तर आता नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांचं दुःख होतं. शिवाय दुसरं काम नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत गेलो. केरूच्या अंगणात मागची अर्धी होडी पालथी होती आणि तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या. कुंपणापलीकडे ओमकारच्या पडवीला पुढची अर्धी होडी उभी टेकवून ठेवलेली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आकाशाकडे. आत जाळी, डबे आणि एक सायकल.

केरू म्हणाला, "आईसाठी देतो. पन त्यानं आधी द्यावी."

ओमकारला विचारलं. "आईसाठी देतो," तो म्हणाला. "पन आधी त्यानं."

असं अंगणातून पडवीत आणि पडवीतून अंगणात काही वेळ चाललं. हे थकले. मग आवडाबाईने एक टेम्पो मागवला आणि दोघांना सांगितलं, की टेम्पो एकच आहे, त्यामुळे आधी-नंतर असं काही नाही. दोन्ही तुकडे एकदम चढवले. दोन कोंबड्या आतच राहिल्या होत्या, त्या आमच्या गाळ्यापर्यंत आल्या.

ह्यांनी दीड महिना काम केलं. मी खरं सांगते, तसं सुंदर काम मी त्यांच्या हातून बघितलं नव्हतं, कारण मुंबईचं काम मी कधी बघितलंच नव्हतं. प्रत्येक फळीच्या टोकाला दात कोरून दुसऱ्या फळीच्या दातांत बसवले, बोटांत बोटं अडकवतात तसे. वरून हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. पॉलिश मारायला निघाले होते, मी अडवलं.

भरतीच्या वेळी भाट्याच्या खाडीत होडी उतरवली. वाडी जमली. केरू आपल्या अर्ध्यात बसला, ओमकार आपल्या अर्ध्यात, एकमेकांकडे पाठ करून. हे काठावर उभे, हात मागे बांधून.

होडी पाण्यात गेली. थोड्या वेळाने पाणी होडीत आलं.

सांधा वाकला नाही, आणि तेच चुकलं. केबिन वाकत नसते. होडी प्रत्येक लाटेला थोडी वाकते. कापल्या जागी सगळे सांधे एकाच रेघेत होते आणि ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली. दोघा भावांनी डबे घेतले आणि पाणी उपसायला लागले. केरू आपल्या बाजूचं उपसत होता, ओमकार आपल्या बाजूचं. केरूच्या बाजूचं कमी झालं की ओमकारच्या बाजूचं तिकडे जायचं. केरू ओरडला, "आई, त्याला सांग, त्याचं पानी माज्यात येतंय!" आवडाबाई काठावरून म्हणाली, "बुडा." पाणी कमरेएवढंच होतं. दोघं चालत बाहेर आले, एक डावीकडून, एक उजवीकडून.

वाडीने होडी ओढून काढली आणि पुन्हा आमच्या गाळ्यात आणून टाकली. हे घरी आले, हातपाय धुतले आणि गाळ्याची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, "विमल, पाटी उतरव."

"उतरवते," मी म्हटलं. "होडी कोण उतरवणार?"

गाळ्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं.

केळशीला बाबल्या नावाचे एक म्हातारे आहेत. होड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आम्ही एसटीने दापोलीपर्यंत आणि तिथून गाडी बदलून केळशीला गेलो. वाटेत ह्यांनी मला दोनदा बजावलं, की जॉइनर हा शब्द तिथे काढायचा नाही. बाबल्या ओटीवर बसले होते. ह्यांनी सगळं सांगितलं, सांध्याचे दात कसे कोरले तेही सांगितलं. बाबल्यांनी ऐकून घेतलं.

"कपाट चांगलं केलंस," ते म्हणाले. "आता होडी करूया."

दोनच दिवसांत सुनेने भरून दिलेली पिशवी घेऊन ते आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या त्यांनी होडीचा कापलेला भाग बघितला, त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "करवत कोनी मारली?"

"आवडाबाईच्या मुलांनी."

"सरळ मारलीय. चांगली पोरं हायत."

त्यांचं म्हणणं असं, की करवतीने खाल्लेलं लाकूड परत येत नाही. तुकड्याला तुकडा चिकटवून होडी होत नाही. मध्ये नवा भाग घालायचा, त्याच्या फळ्या दोन्हीकडे लांब लांब आत न्यायच्या, एक इथे संपवायची, दुसरी तिथे, म्हणजे सगळे सांधे एका रेघेत येणार नाहीत. तळाला नवा कणा. होडी आधीपेक्षा चार हात लांब होईल.

"कुणाच्या चार हात?" ह्यांनी पट्टी काढून विचारलं. इथून दोघांचं भांडण सुरू झालं. बाबल्या हाताने मोजायचे, हे पट्टीने. बाबल्यांचा हात वयाने आखडला होता आणि ह्यांची पट्टी होडीच्या पोटावर वळत नव्हती. चार फळ्या वाया गेल्या, दोन ह्यांच्या, दोन त्यांच्या. शेवटी आवडाबाईने घरातून सुंभ आणलं, होडीच्या पोटाला लावून गाठ मारली आणि दोघांच्या मध्ये टाकून ती मासे विकायला गेली.

लाकूडही तिचंच. तिच्या परसातला फणस आदल्या वर्षीच्या वादळात पडला होता. त्याच्या फळ्या कापून आणल्या. नव्या भागाचं लाकूड पिवळं, जुनं काळं. लांबून बघितलं तर होडीने मध्ये पट्टा बांधलाय असं वाटायचं.

ह्या वेळी फळ्यांची टोकं लांब तिरकी तासून एकमेकींवर बसवायची होती. ते काम ह्यांनी केलं. बाबल्या शेजारी बसून चूक शोधत होते. एक अख्खा दिवस त्यांना ती सापडली नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याच्या हातात बारीकपना हाय. होडीला येवडा लागत न्हाय." हे मी ह्यांना सांगितलं. पहिलं वाक्य सांगितलं.

फटींत कापूस आणि राळ ठासली. पावसाचा जोर ओसरला, नारळीपौर्णिमा झाली, आणि होडी पुन्हा खाडीवर नेली. पाण्यात घालण्याआधीच भावांचं सुरू झालं. केरू म्हणाला, मागची बाजू माझी, म्हणजे सुकाणू माझं. ओमकार म्हणाला, असं असेल तर मी माझी नाळ परत नेतो.

"ने," आवडाबाई म्हणाली. "मधला भाग माजा हाय. माज्या भागाला करवत लावायची न्हाय. तेवडा सोडून काय न्यायचं ते ने."

दोघांनी होडीकडे बघितलं. लांब तिरक्या सांध्यांमुळे कुठे कुणाचं संपतं आणि आईचं सुरू होतं ते दिसत नव्हतं. दोघांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मलाही आता सांगता येणार नाही." हे मात्र खोटं होतं. त्यांना प्रत्येक फळी ठाऊक होती.

"जाताना केरू सुकाणूवर, येताना ओमकार," आवडाबाईने सांगितलं. "मी तिसरी वाटेकरीन हाय."

होडी पाण्यात गेली. आम्ही सगळे तिच्या तळाकडे बघत उभे राहिलो. बराच वेळ उभे राहिलो. पाणी आलं नाही. बाबल्यांनी तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाले, ज्याने होडी बांधली त्याने पहिल्या फेरीला दर्यात जायचं असतं, त्यांचे गुडघे चालत नाहीत म्हणून मेस्त्रीने जावं. ही रीत खरी की त्यांनी तिथेच काढली, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या पहाटे निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी ह्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. मी विचारलं तेव्हा ताटाकडे बघत म्हणाले, "मी कधी दर्यात गेलेलो नाही."

"एवढी जहाजं केलीत की."

"ती गोदीत उभी असतात, विमल. आम्ही शिडीने चढायचो, पाच वाजता शिडीने उतरायचो."

मला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, ह्याचंच नवल वाटलं. पत्रांत हे जहाजांची नावं लिहायचे आणि मी त्यांना लाटांवर बघायचे.

"नको वाटत असेल तर जाऊ नका," मी म्हटलं.

"बाबल्या केळशीभर सांगेल."

गेले. पुढचं मला त्यांनी सांगितलं आणि काही ओमकारने. खाडीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत हे मधल्या फळीवर ताठ बसले होते, कप्तानाच्या टेबलाशी बसावं तसे. पुढे लाट लागली आणि सकाळचा चहा गेला. मग रात्रीचं जेवण गेलं. भाऊ आपापल्या टोकाला काम करत होते. सोड, ओढ, थांब, एवढंच बोलणं. तेही हवेत, नाव न घेता.

जाळं ओढून झालं. बांगडे बरे लागले होते. आता जागा बदलायची होती, केरूने पुढे यायचं, ओमकारने मागे जायचं. दोघं मधल्या भागात समोरासमोर आले, आणि मध्ये हे, होडीच्या कडेवर पोट टाकून बाहेर वाकलेले. एक मोठी लाट आली. हे आणखी वाकले.

"ओम्या, मेस्त्रीला धर!" केरू ओरडला.

"तू कंबर धर, दादा, मी खांदे धरतो!"

दोघांनी धरलं. सुकाणू कोणाच्याच हातात नव्हतं. होडी जरा वेळ आपली आपण गेली, असं ओमकार म्हणाला, आणि बरोबर दिशेने गेली.

हे काठावर उतरले तेव्हा त्यांचे पाय वाळूवर ठरत नव्हते. आवडाबाईने टोपली भरून घेतली आणि वरचे चार बांगडे आमच्या पिशवीत टाकले. घरी येऊन मी पेज केली. ह्यांनी थोडी घेतली, भिंतीला टेकून बसले. बांगड्यांचा वास नको म्हणाले, म्हणून ते मी शेजारी दिले.

"कसं होतं?" मी विचारलं.

त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"हलतं," ते म्हणाले.

मग पेजेचं भांडं पुढे करून म्हणाले, आणखी थोडी वाढ, आणि मीठ घाल.